पॅकिंग न मारणारे आमचे साडू

हलणारी खुर्ची, डुगडुगणारं टेबल आणि आमचे साडू हे तिघं एका खोलीत पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ राहू शकत नाहीत, हे मी स्टँपपेपरवर लिहून द्यायला तयार आहे. पाचव्या मिनिटाला साडू टेबलाखाली गेलेले असतात आणि दहाव्या मिनिटाला टेबल सरळ उभं असतं. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्कांचे, हे यजमान. राहणार अहमदपूर, आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचे निदेशक, नोकरी अठ्ठावीस वर्षं. माझी त्यांची पहिली गाठ पडली ती मुलीकडची मंडळी आमचं नांदेडचं घर बघायला आली तेव्हा. बाकीचे लोक माझा पगार, शेत, वडिलांचा स्वभाव असल्या चौकशा करत होते, आणि हे थोरले जावई बसल्या जागी स्टूल पुढेमागे हलवून बघत होते. शेवटी सासऱ्यांनी त्यांना विचारलं, तुमचं काय मत? तर म्हणाले, "पोरगं बरं हाय. स्टूल तेवढं ढिलं हाय." माझ्या आईचा चेहरा असा काही पडला की विचारू नका. पण चहा होईपर्यंत त्यांनी स्टूल घट्ट केलं, कपाटाची बिजागरी बसवली, आणि आईनं बाहेर येऊन वडिलांना सांगितलं की घराणं चांगलं दिसतंय, होकार कळवून टाका.

लोक शर्टाच्या खिशात पेन ठेवतात, साडू स्क्रूड्रायव्हर ठेवतात. पिशवीत कायम व्हर्नियर, म्हणजे केसाची जाडीसुद्धा मोजणारं ते लोखंडी माप. एकदा त्यांनी अक्कांच्या भाकरीची जाडी तीन जागी मोजली होती आणि कडेला अर्धा मिलिमीटर जास्त भरते असं शांतपणे सांगितलं होतं. त्यानंतर आठ दिवस त्यांना भाकरी मिळाली नाही, पोळी मिळाली. अहमदपूरहून नांदेडला येताना एसटीच्या खिडक्या बडबडायला लागल्या की बाकीचे प्रवासी डोळे मिटतात आणि साडू उठतात. एका उन्हाळ्यात त्यांनी आख्ख्या डाव्या बाजूच्या खिडक्या अशा काही आवळल्या की वाटेतल्या लोहा गावच्या स्टँडवर केळी घ्यायला एकही खिडकी उघडता येईना. कंडक्टर ओळखीचा झालाय. तो हात जोडून म्हणतो, मास्तर, तुमी निस्तं बसा. आणि बिलोलीचा प्रसंग तर मी जन्मात विसरणार नाही. एका नातेवाइकाच्या घरी मयतीनंतर भेटायला गेलो होतो. सगळे पुरुष माना खाली घालून बसलेले. बाहेरून कुणी आलं की दार करकरायचं. तिसऱ्या वेळेला साडू उठले. त्यांनी आत जाऊन वाटीत दोन थेंब तेल आणलं, बिजागरीची खीळ काढली, पुसली, तेल लावलं, बसवली आणि परत येऊन माझ्याशेजारी मान खाली घालून बसले. मला वाटलं, आता काय तोंड दाखवायचं या लोकांना! पण त्या घरच्या बाईंनी नंतर माझ्या बायकोला सांगितलं की आलेल्यांपैकी तेवढेच त्यांच्या लक्षात राहिले, कारण त्या दाराबद्दल त्या नवऱ्याला सहा वर्षं सांगत होत्या.

मात्र एक गोष्ट सांगितल्याशिवाय साडू तुम्हाला कळायचे नाहीत. टेबल डुगडुगलं की तुम्ही आम्ही पायाखाली कागदाची घडी सारतो आणि मोकळे होतो. ती घडी साडूंपुढे सारू नका. दोन वस्तूंच्या मधल्या फटीत काहीतरी कोंबून त्या घट्ट भासवायच्या, याला कारखान्यात पॅकिंग मारणं म्हणतात, आणि साडूंच्या लेखी जगातलं सगळं खोटं तिथून सुरू होतं. त्यांचं म्हणणं, माप जमलं पाहिजे, दोन अंगं एकमेकांना आपणहून भेटली पाहिजेत. "मी फिटर हाय, पॅकर न्हाई," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की माझी मुलंसुद्धा गृहपाठ करताना म्हणतात. परीक्षेत एका प्रशिक्षणार्थ्यानं जोडाच्या फटीत चॉकलेटची चांदी सरकवली होती. साडूंनी तो जोड डोळ्यांनी बघितलाही नाही, कानाशी नेऊन टिचकी मारली आणि त्याला नापास केलं. तो पुढं मोठ्या कारखान्यात लागला आणि दर दिवाळीला पेढे घेऊन पाया पडायला येतो.

अशा माणसाच्या घरात बंदूक आली, तिची ही गोष्ट. बंदूक म्हणजे नेमबाजीच्या स्पर्धेतली, हवेच्या दाबावर छर्रा सोडणारी. साडूंची एकुलती एक लेक ऋतुजा अकरावीत असताना कॉलेजच्या मैदानामागच्या शेडमध्ये नेमबाजी शिकायला लागली आणि सहा महिन्यांत तिनं तिथल्या सगळ्यांना मागे टाकलं. पोरगी आईवर गेलेली, बारीक, बुटकी आणि कमी बोलणारी. तिची एकच अडचण होती. तिच्या वाट्याला आलेल्या बंदुकीचा लाकडी दस्ता, म्हणजे खांद्याला आणि गालाला टेकतो तो भाग, कुणा सहा फुटी माणसासाठी घडवलेला. गाल टेकवायला तिला मान ताणावी लागायची, आणि ताणलेल्या मानेनं दहा मीटरवरचा टिकलीएवढा ठिपका धरणं म्हणजे काय चेष्टा आहे का! उन्हाळ्यात नांदेडला राज्याच्या शिबिरासाठी निवड चाचणी होती. तिच्या सरांनी सांगितलं, पोरीला तिच्या मापाचा दस्ता द्या, ती नक्की निवडली जाईल. मग साडूंनी पोरीचा हात, मान, खांदा सगळं व्हर्नियरनं मोजून बाहेरगावच्या एका कारागिराकडून दस्ता मागवला. बंदूक एका कंपनीची, दस्ता भलत्याच माणसाचा. तो आला त्याच दिवशी आम्ही नवराबायको उन्हाळी सुट्टीसाठी अहमदपूरला पोचलो. चाचणीला आठ दिवस होते.

दस्ता दिसायला देखणा होता. ऋतुजानं तो खांद्याला लावला, गाल टेकवला, आणि काय सांगू, ती पोरगी पहिल्यांदाच माझ्यासमोर दात दिसेपर्यंत हसली. पण बंदुकीचा चाप, खटका आणि स्प्रिंगा ज्या लोखंडी पेटीत बसवलेल्या असतात, ती पेटी दस्त्याच्या खोबणीत जाईना. नळी बसली, बाकी सगळं बसलं, पेटी अर्ध्यावर अडकली. केसभराचा फरक. गल्लीतला सुतार म्हणाला, द्या इकडं, कानस मारून देतो, चहा प्यायच्या आत. साडूंनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावला. खोबण केसभर जास्त कोरली गेली तर पेटी आत हलणार, आणि चाप ओढताना पेटी हलली की नेम गेलाच. म्हणून त्यांनी आपली शाळा काढली. पेटीला काजळ फासायचं, अलगद खोबणीत दाबायची, बाहेर काढायची, आणि लाकडावर जिथं काळा डाग उमटला असेल तेवढंच, लोखंड कापायच्या हॅक्सॉ करवतीच्या पात्याला धार लावून केलेल्या खरवडणीनं, कांद्याच्या पापुद्र्यागत काढायचं. मग पुन्हा काजळ. लोखंडावर लोखंड बसवताना आयटीआयमध्ये निळा रंग लावून असंच करतात म्हणे.

पहिल्या दिवशी अक्कांची काजळाची डबी संपली. दुसऱ्या दिवशी तव्याची काजळी तेलात खलून झाली. सगळं घर कामाला लागलं होतं आणि सगळ्या घराची तोंडं काळी झाली होती. मी विजेरी धरायचो, माझी बायको चिंध्या पुरवायची. गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांमध्येसुद्धा दोन बोटांचे काळे ठसे सापडले आणि ते माझे आहेत हे सिद्ध करायला अक्कांना वेळ लागला नाही. पण मजा येत होती हो! मी मराठीचा मास्तर, उभ्या आयुष्यात खिळा सरळ ठोकलेला नाही, आणि मी श्वास रोखून लाकडावरचे डाग वाचत होतो. पहिल्या दिवशी अकरा डाग होते, दुसऱ्या दिवशी दुपारी चार, संध्याकाळी एक. त्या एका डागावर साडूंनी पातं दोनदा फिरवलं आणि पेटी आत गेली. हळूच, स्वतःच्या वजनानं, लोण्यात सुरी जाते तशी. आम्ही टाळ्या वाजवल्या. अक्कांनी शिरा केला. उन्हानं लाकूड तडकू नये म्हणून साडूंनी पेटी काढून दस्ता कूलरसमोर पाटावर ठेवला, घरातल्या सगळ्यात गार जागी. ती जागा तोवर माझी होती. मी घरचा धाकटा जावई, पण तक्रार केली नाही.

सकाळी पेटी खोबणीत जाईना.

आम्ही सगळे पेटीकडे बघत राहिलो. साडूंनी व्हर्नियर लावलं. पेटी होती तेवढीच होती. पुन्हा काजळ, पुन्हा खरवड, संध्याकाळी पुन्हा पेटी अलगद आत, पुन्हा शिरा, पुन्हा दस्ता कूलरसमोर. दुसऱ्या सकाळी पेटी पुन्हा बाहेर. तीन दिवस, खोटं नाही सांगत, लागोपाठ तीन दिवस हा खेळ चालला. तिसऱ्या सकाळी साडू सगळ्यांवर संशय घ्यायला लागले. त्यांनी मला बाजूला नेऊन विचारलं, पाव्हणं, तुम्ही गंमत तर करून नाही राहिले ना? मी आईची शपथ घेतली. ऋतुजा तिकडं रोज सकाळी एका हातात वीट तोलून अर्धा अर्धा तास भिंतीसमोर उभी राहायची, कारण बंदूकच सुटी सुटी होऊन पडलेली. आठ दिवसांतले पाच दिवस तिनं चापाला बोट लावलं नव्हतं. पाचव्या दिवशी वीट खाली ठेवून ती वडिलांना म्हणाली, "पप्पा, मला नेम धरायचाय. तुमी निस्ती पूजा मांडून राहिलेत." त्या दिवशी त्यांनी दुपारी जेवण न करता खोबण मनाजोगती केली आणि दस्ता पुन्हा कूलरपुढं न ठेवता लगेच सगळे स्क्रू आवळून बंदूक बांधून टाकली. ऋतुजानं अंगणात रिकामा चाप ओढून बघितला. पुन्हा ओढला. पेटी तसूभर हलत नव्हती. उरलेले दोन दिवस ती शेडमध्ये जाऊन छर्रे मारून आली, आणि आम्ही सगळे वरात निघाल्यासारखे नांदेडला आमच्या घरी आलो.

आता आमच्या घराची एक गंमत. आमच्या कूलरची मोटर चैत्रातच जळाली होती. नांदेडचा वैशाख, वर पत्रे, घर म्हणजे नुसती भट्टी. चाचणीच्या दिवशी सकाळी साडूंनी बंदूक पेटाऱ्यातून काढली, सवयीनं कानाशी नेली, आणि टिचकी मारली. मी समोरच दात घासत होतो. त्या माणसाच्या तोंडचं पाणी पळालेलं मी पहिल्यांदा बघितलं. आतून आवाज येत होता. बारीकसा, खुळखुळ. अठ्ठावीस वर्षं जो आवाज ऐकून त्यांनी पोरांना नापास केलं, तोच आवाज त्यांच्या स्वतःच्या हातच्या कामातून येत होता, आणि चाचणी दोन तासांवर होती.

उत्तर माझ्या बायकोनं दिलं, तेही पोहे परतता परतता. ती म्हणाली, आमच्या न्हाणीघराचं दार पावसाळ्यात लाथ मारल्याशिवाय लागत नाही आणि उन्हाळ्यात आपोआप उघडतं, तुमचं बी तसंच झालं असंल. साडू पाटावर बसून राहिले. दस्त्याला बाहेरून पॉलिश होतं, पण आत खोबणीतलं लाकूड त्यांनी रोज नव्यानं उघडं केलेलं. ते कूलरची ओल पिऊन रोज फुगत होतं, आणि साडू ते फुगलेलं लाकूड रोज खरवडत होते. आता ते वाळून आपल्या जागी गेलं होतं, आणि जागा मोठी झाली होती. "मी लाकडाला लोखंड समजून बसलो," ते म्हणाले. आख्खी जिंदगी लोखंडात गेलेला माणूस. लोखंड संध्याकाळी जेवढं असतं तेवढंच सकाळी असतं. लाकडाचा कधी संबंधच आला नव्हता त्यांचा. मला रडू यायच्या बेतात होतं, कारण फटीवर आता एकच इलाज उरला होता आणि तो उच्चारायची आमच्यापैकी कुणाची छाती नव्हती.

ऋतुजा केस बांधत होती. ती बापासमोर येऊन उकिडवी बसली. "पप्पा, पॅकिंग मारा," ती म्हणाली. "खोटं तर खोटं. मला आज उभं राहायचंय." अक्कांनी पदर तोंडाला लावला. मी खिडकीबाहेर बघायला लागलो. थोड्या वेळानं साडूंनी माझ्याकडं एक कात्री आणि थंड पेयाचा रिकामा डबा मागितला. डब्याचा पातळ पत्रा कापून त्यांनी दोन पट्ट्या केल्या, व्हर्नियरनं मोजल्या, पायरीच्या दगडावर घासल्या, पुन्हा मोजल्या, कडा बोटानं चाचपल्या. अशी पॅकिंग मराठवाड्यात आजवर कुणी मारली नसेल. सगळं घट्ट झाल्यावर त्यांनी बंदूक कानाशी नेली नाही. तशीच पोरीच्या हातात दिली.

चाचणीच्या हॉलमध्ये पालकांना दोरीमागे बसवलं होतं. साठ छर्रे. मी तर पहिल्या दहापासूनच खुर्चीच्या कडेवर आलो होतो. शेजारच्या अनोळखी गृहस्थांचा हात मी कधी धरला मला कळलंच नाही. पोरगी उभी राहिली होती, काय उभी राहिली होती! गाल दस्त्यावर, मान मोकळी, डोळा शांत. साडू मात्र पाठ करून बसले होते, भिंतीकडं तोंड. प्रत्येक छर्ऱ्यानंतर मला हळूच विचारायचे, आवाज येऊन राहिला का? मी म्हणायचो, न्हाई येत. पडद्यावर आकडे चढत होते, दहा, दहा, नऊ, दहा, आणि हा माणूस भिंतीला कान देऊन बसलेला. शेवटचा छर्रा गेला आणि तिसऱ्या नंबरवर तिचं नाव आलं. निवड पाच जणींची होती. मी उडीच मारली, खुर्ची पडली, एका पंचानं डोळे वटारले. ऋतुजा दोरीपाशी आली आणि बंदूक बापाच्या हाती देत म्हणाली, "पप्पा, हातात बंदूक हाय हेच विसरले होते मी." साडूंनी मान हलवली. मग ते नळावर जाऊन खूप वेळ तोंड धूत बसले.

पुढं ती पुण्याला शिबिरात गेली ती तिथंच राहिली. वसतिगृह मिळालं, आणि बंदूकही मिळाली, ॲल्युमिनियमच्या दस्त्याची. ती फुगत नाही, वाळत नाही, प्रत्येक भागाला एकेक स्क्रू असतो आणि तो एका छोट्या चावीनं कुणालाही फिरवता येतो. लाकडी दस्ता अहमदपूरला परत आला. साडूंनी तो कपाटावर ठेवला. मी फोन केला की म्हणायचे, लई भारी बंदूक हाय तिची, पाव्हणं, आपलं काय काम न्हाई त्यात. असं ते बरेच महिने म्हणत होते. एसटीच्या खिडक्या आवळणं त्यांनी सोडून दिलं असं मला अक्कांनी सांगितलं, आणि ते ऐकून मला एक दिवस जेवण गेलं नाही.

मग मागच्या महिन्यात ऋतुजाचा फोन आला, की गालाचा टेका जरा हलतोय, येता का. तिथं तीन तीन प्रशिक्षक आहेत आणि चावी तिच्या स्वतःच्या खिशात असते. पण साडूंनी हे असलं काही मनात आणलं नाही. पिशवी भरली, सकाळच्या पहिल्या एसटीत बसले, दिवसभराचा प्रवास करून पुण्याला गेले आणि दुसऱ्या दिवशी परत आले. येताना वाकडी वाट करून आमच्याकडं नांदेडला उतरले, हे त्यांनी यापूर्वी कधीच केलेलं नाही. चहाचा कप हातात धरून बसले होते. मी विचारलं, बसला का टेका नीट?

"स्क्रू ढिला झाला नव्हता, पाव्हणं," ते म्हणाले. "ढिला केला होता. चावीची खूण ताजी होती."

मी म्हटलं, मग काय म्हणालात तिला?

"काय म्हणू? आवळला आन् आलो." त्यांनी कप खाली ठेवला. "लई न्हाई आवळला पण. तिच्या हातानं सुटंल, एवढाच."